विकायला सहा घरं बांधायची, तर प्लॅन कोणता धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा: 'काका, माझा सिव्हिलचा डिप्लोमा झालाय. कोल्हापूरजवळ पाचगावच्या पुढं वडिलांचा 10 गुंठे एनए प्लॉट आहे. पूर्वेला 9 मीटरचा रस्ता, रस्त्यालगत 165 फूट आणि आत 66 फूट. सहा घरं बांधून विकायची आहेत. माझ्याकडं तीन प्लॅन आहेत. पहिला नेटवरून घेतलेला 25 बाय 36 चा रो हाऊस, डबल हाइट म्हणजे दोन मजले उंच हॉलचा. दुसरा आर्किटेक्टनं दिलेला 20 बाय 28 चा ट्विन बंगलो, म्हणजे एका भिंतीला जोडलेली दोन-दोन घरं, प्रत्येकात खाली-वर मिळून टू बीएचके आणि एक जादा खोली. तिसरा खाली एक फ्लॅट, वर एक फ्लॅट, असे बारा. कोणता घेऊ? आणि सहाही घरं एकसारखी करू की वेगवेगळी?'

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो.

तिसरा आधी बाजूला काढ. बारा घरं झाली की तू आठच्या वर गेलास, म्हणजे महारेराची, घरबांधणीवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी आली. त्यात वाईट काही नाही. पण पहिल्याच कामाला वेगळं बँक खातं, त्यात गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशातले 70 टक्के, तीन महिन्यांनी माहिती भरणं, एवढा पसारा तुला झेपणार नाही. शिवाय शहराबाहेर येऊन घर घेणारा माणूस 'माझ्या डोक्यावर कोण नको' म्हणूनच येतो. त्याला खालचा-वरचा शेजारी दाखवलास तर तो म्हणेल, मग राजारामपुरीतला फ्लॅट काय वाईट होता?

आता पहिला. नेटवरचे प्लॅन बघायला गोड असतात, कारण त्यातलं फर्निचर लहान काढलेलं असतं. तुझ्या प्लॅनमधल्या बेडरूमवर स्केल ठेव. पलंग पाच फूट लांब निघेल, त्यावर झोपणार कोण? जिना बघ. दहा फूट चढायला चौदाच पायऱ्या दाखवल्यात, म्हणजे एक पायरी साडेआठ इंचांची. म्हातारं माणूस एकदा चढेल आणि वरची खोली कायमची विसरेल. दहा फुटाला सतरा-अठरा पायऱ्या लागतात, तेव्हा कुठं पायरी पावणेसात-सात इंचांवर येते. त्यासाठी जिन्याची जागा साधारण साडेसहा बाय दहा-अकरा फूट मोकळी लागते. प्लॅन खरा की खोटा हे मी नेहमी जिन्यावरून ओळखतो. तिथं लबाडी केलेली असेल तर बाकीच्या प्लॅनवर विश्वास ठेवत नाही.

शिवाय 36 फूट खोल आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. खिडक्या फक्त पुढं आणि मागं. मधली दहा-बारा फुटांची पट्टी अंधारी, संडास-बाथरूमला डक्ट, म्हणजे हवेसाठी आणि पाइपांसाठी उभी पोकळी, काढावा लागणार. तो डक्ट पुढं कबुतरांचा होतो आणि पाइप गळला तर दोन घरांत भांडण. डबल हाइट हॉलबद्दल एवढंच सांगतो. त्यात तू सहा घरांत मिळून सहा खोल्या हवेत सोडतोयस. कोल्हापूरचं गिऱ्हाईक हॉलमध्ये उभं राहून वर बघतं, 'लई भारी' म्हणतं आणि घरी जाऊन बायकोला सांगतं, 'वर अजून एक खोली निघाली असती.' तुझ्या ड्रॉइंगमध्ये त्या हॉलच्या कडेला वरच्या मजल्यावर एक कॉलम आहे, त्याला खाली पायच नाही. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप आमच्या आधीच्या पिढीनं इथं अंगावर अनुभवलेला आहे. असला अधांतरी कॉलम मी तरी कोणाच्या डोक्यावर ठेवणार नाही.

म्हणजे राहिला दुसरा, ट्विन. मी तोच धरीन. पण आहे तसा नाही, आणि का ते नीट समजून घे, कारण सगळी मेख इथंच आहे.

आधी रुंदीचं गणित. दोन टोकांना साडेसात-साडेसात फूट मार्जिन, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, धर. मार्जिनचा नेमका आकडा आर्किटेक्टकडून नियमावलीप्रमाणे लेखी घे, मी इथं हिशेबासाठी धरतोय. सलग रो हाऊस केलीस तर राहतात 150 फूट, म्हणजे दर घराला 25. तीन जोड्या केल्यास तर जोड्यांमध्ये पंधरा-पंधरा फूट मोकळे जातात, राहतात 120, म्हणजे दर घराला 20. कागदावर तू प्रत्येक घरामागं पाच फूट हरलास. पण विकताना बघ काय होतं. प्रत्येक घराला तिसरी बाजू मोकळी मिळाली. जिन्याला खिडकी, बाथरूमला खिडकी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे घरात न शिरता बाहेरनं मागच्या परड्यात जाता येतं. गॅसची टाकी, कचरा, मोटर दुरुस्त करायला आलेला वायरमन, हे कोणीच हॉलमधून जात नाही. 28 फूट खोलीचं घर, पुढं 22 सोडलेस तर मागं 16 फूट परडं राहतं. आमच्याकडं ते 16 फूट कुठल्याही झुंबरापेक्षा जास्त विकतात. रविवारी मटणाला मागं चूल मांडता येते. घरातल्या घरात तांबडा-पांढरा केला की दोन दिवस पडद्यांना वास. आणि शाकाहारी गिऱ्हाईक आलं, तर त्याला तीच जागा पापड वाळवायला दाखव.

आता मेख. आर्किटेक्टनं तुला एक घर काढून दिलंय आणि शेजारचं आरशात उलटं केलंय. सगळेच करतात, कारण दोन्ही घरांचे पाइप मधल्या भिंतीला एकत्र येतात आणि ड्रॉइंग एकाच्या कष्टात दोन होतात. पण तुझी सगळी घरं पूर्वेला तोंड करून आहेत. उत्तरेकडच्या घरात स्वयंपाकघर मागं वायव्येला आलंय. आरशात उलटलं की शेजारच्या घरात ते नैऋत्येला गेलं. मी स्वतः वास्तू मानतो की नाही हे विचारू नकोस. गिऱ्हाईक मानतं आणि चेक त्याच्या हातात असतो. आग्नेयेला स्वयंपाकघर पहिल्या पसंतीचं. ते जमत नसेल तर वायव्य चालतं, असं इथले बहुतेक वास्तूवाले सांगतात. नैऋत्येला मोठी बेडरूम हवी असते आणि ईशान्येला संडास कोणी खपवून घेत नाही.

माझ्या पहिल्या चार घरांच्या कामात मी हेच केलं होतं. दोन जोड्या, आरशातले प्लॅन. दोन घरं स्लॅब पडायच्या आधी विकली गेली. उरलेली दोन तयार होऊन पावणेदोन वर्षं बसली. व्याज चालू, आणि येणारा प्रत्येकजण खिशातून होकायंत्र काढणार. शेवटी एका घरातला ओटा फोडून पुढच्या खोलीत नेला. चकाचक फरशी उचकटताना गवंडी माझ्या तोंडाकडं बघत नव्हता. तेव्हापासून पूर्व किंवा पश्चिम तोंडाच्या जोडीला मी दोन वेगळे प्लॅन काढायला लावतो. आर्किटेक्ट कुरकुरतो, थोडी जादा फी घेतो, आणि पाइप एका भिंतीला न येता थोडे लांबतात. सहा घरांत मिळून तो जादा पाइप आणि एक जादा चेंबर म्हणजे काहीच नाही.

तुझ्या जोडीत हे बसतं. उत्तरेकडच्या घराची मोकळी बाजू उत्तर, दक्षिणेकडच्याची दक्षिण. दोघांचंही स्वयंपाकघर मागं वायव्येलाच ठेव. उत्तरेकडच्या घरात त्याला दोन खिडक्या मिळतील. दक्षिणेकडच्यात ते मधल्या भिंतीला टेकेल आणि उजेड पश्चिमेच्या खिडकीतून येईल. ओटा दोन्हीकडं पूर्वेच्या भिंतीला, म्हणजे स्वयंपाक करणारीचं तोंड पूर्वेला. हॉल पुढं. वर नैऋत्येला मोठी बेडरूम. अशी सहा घरं म्हणजे दोन प्लॅन, तीन-तीनदा. यापेक्षा जास्त प्रकार करू नकोस. सेंट्रिंगवाल्याचे पत्रे, दारं-खिडक्यांची मापं, टाइल्सचा हिशेब, सगळं तीनदा तेच असेल तर पहिल्या घरात झालेली चूक तिसऱ्यात होत नाही. बाहेरून वेगळेपण हवं असेल तर रंग आणि गेट बदल.

पश्चिमेचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्याकडं जून-जुलैचा पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून आडवा मारतो. म्हणजे तुझ्या घरांची पाठ पावसाच्या तोंडाला आहे. मागच्या खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा आणि त्याला खालून पाणी तोडणारी खाच पाहिजेच. मागच्या बाजूला चौकोनी डबे आणि खोबणी काढून शोभा करू नकोस, तिथंच पहिली ओल येते. एप्रिल-मेमध्ये तीच भिंत तापते, तर वरच्या मोठ्या बेडरूमची कपाटं पश्चिमेच्या भिंतीला लावायला जागा ठेव. दक्षिणेकडच्या घराला तिथं दक्षिणेची खिडकी मिळते, उत्तरेकडच्याला मिळत नाही, म्हणून त्या खोलीची पश्चिमेची खिडकी थोडी मोठी आणि छज्जा थोडा जास्त.

आता गिऱ्हाईक कोण, हे. तुझ्या भागात मला तीन तऱ्हेची माणसं दिसतात. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत चांगल्या हुद्द्यावर असलेला, राधानगरी-भुदरगडकडचा शेतकरी ज्याची मुलं इथं शिकायला आहेत, आणि मुलगा पुण्यात म्हणून निवृत्तीनंतर लहान घर बघणारे मास्तर-बाई. तिघांचं एक मागणं सारखं आहे: खाली एक बेडरूम आणि तिला लागून संडास-बाथरूम. म्हातारे आई-वडील कधी ना कधी येतातच आणि गुडघे जिना चढत नाहीत. तुझ्या प्लॅनमध्ये खाली हॉल, स्वयंपाकघर आणि जिन्याखाली चार बाय चारचा संडास एवढंच आहे. हॉल दोन फुटांनी कमी कर, पण खाली नऊ बाय दहाची का असेना, खोली काढ. शेतकऱ्याला वर्षाचं धान्य ठेवायला पाहिजे, भाताची आणि शेंगांची पोती गावाकडून येतात. जिन्याखालची जागा त्याला दे, कोरडी आणि दार असलेली. गाड्यांचंही बघ. एक चारचाकी आणि तीन दुचाकी हे आपल्याकडं साधं घर. त्यासाठी पुढच्या 22 फुटांत बाग दाखवू नकोस.

चौथं गिऱ्हाईक नवीन आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसायला लागलं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची कामंही इथं येतात. बाहेरचे वकील जागा बघत फिरताहेत. सगळे तुझ्याकडं येतील असं नाही, बरेचजण कोर्टाजवळच बघतील. पण खालच्या त्या बेडरूमला पुढच्या बाजूनं एक जादा दार निघेल अशी भिंत ठेवलीस, तर तीच खोली वकिलाचं ऑफिस होते, शिकवणी घेणाऱ्या बाईंची खोली होते, म्हाताऱ्यांची तर होतेच. त्या जागी कॉलम किंवा मीटरबोर्ड येऊ देऊ नकोस, एवढीच काळजी. प्लॅन निवडताना मी हेच शोधतो. आज एका माणसाला आवडेल त्यापेक्षा, आरसीसीला, म्हणजे कॉलम-बीम-स्लॅबच्या सांगाड्याला, हात न लावता किती जणांच्या मनासारखा होईल, ते बघतो. त्यामुळं कॉलम सगळे बाहेरच्या भिंतीत आणि जिन्याच्या कोपऱ्यांत. खोल्यांमधल्या भिंती चार इंची विटेच्या. बाथरूम वर-खाली एकावर एक. मग हॉल आणि स्वयंपाकघरातली भिंत कोणी काढा म्हणालं तरी आरसीसी डिझायनरला फोन करावा लागत नाही.

आकाराबद्दल एक गोष्ट तुझ्या आर्किटेक्टनं सांगितलेली दिसत नाही. तुझ्या ट्विनचं कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, 986 चौरस फूट भरतंय. आपल्यासारख्या महानगराबाहेरच्या शहरात कार्पेट 90 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण 968 चौरस फुटांपर्यंत, आणि सगळं धरून किंमत 45 लाखांपर्यंत असेल, तर बांधकाम चालू असताना विकलेल्या घराला जीएसटी 1 टक्का लागतो. त्याच्या पुढं गेलास की 5 टक्के. 45 लाखांवर हा फरक 1 लाख 80 हजारांचा आहे, फक्त 18 फुटांपायी. आणि कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत. वरची पुढची खोली सव्वा-दीड फुटानं मागं घे आणि तेवढी बाल्कनी वाढव, झालं काम. तुझी किंमत 45 च्या वर जाणारच असेल तर या भानगडीत पडू नकोस, मोकळ्या मनानं हजार कर. भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावर विकलंस तर जीएसटी लागतच नाही. पण तोवर थांबायची ताकद आहे का, हे वडिलांना विचार.

बँकेचंही गणित प्लॅनमध्येच असतं. कर्ज 30 लाखांपर्यंतचं असेल तर बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते. 30 च्या वर 75 लाखांपर्यंत 80 टक्के. 55 लाखांचं घर घेणाऱ्याला 11 लाख स्वतःचे, वर मुद्रांक आणि नोंदणी वेगळी. एमआयडीसीतल्या पोराकडं तेवढे रोख असतात का? नसतील तर घर मोठं करून तूच तुझं गिऱ्हाईक पळवलंस.

वाया जाणारी जागा मोज. तुझ्या वरच्या मजल्यावर जिन्यापासून बाल्कनीपर्यंत चार बाय सोळाचा पॅसेज आहे, 64 फूट. बांधकामाचा दर 2,000 धर, तुझा असेल तो घाल. एका घरात 1 लाख 28 हजार, सहा घरांत 7 लाख 68 हजार, आणि त्यात कोणी झोपत नाही की बसत नाही. जिना मधे घेतलास की दोन्ही खोल्यांची दारं जिन्याच्या तोंडाशीच येतात आणि पॅसेज चार बाय पाचवर येतो.

गच्चीकडं प्लॅन निवडताना कोणी बघत नाही. आता सोलर बसवणारी माणसं वाढलीत, तीन किलोवॅटला केंद्राचं 78 हजार अनुदान मिळतं आणि साधारण 300 फूट बिनसावलीची जागा लागते. पॅनेल दक्षिणेकडं तोंड करून बसतात. जिन्यावरची टोपी आणि पाण्याची टाकी दक्षिणेला ठेवलीस तर अर्धी गच्ची सावलीत. दोन्ही उत्तरेकडं जातील असं बघ. 'जड टाकी नैऋत्येलाच पाहिजे' म्हणणारा वास्तूवाला भेटेलच. त्याला म्हण, नैऋत्येला ठेवतो, पण बुटकी.

जमिनीचं. तुझी जागा चढावर आहे म्हणून पुरावर मी जास्त लिहीत नाही. पण हे घडी घालून ठेव: पुढं कधी नदीकडं स्वस्तात प्लॉट मिळाला, तर आधी निळी आणि लाल पूररेषा बघ. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी, आणि 2019 ला व 2021 ला पंचगंगा 55 च्या वर गेली. कितीही भारी प्लॅन असला तरी त्या दोन वर्षांचे फोटो गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये आहेत. तुझ्या प्लॉटवर मात्र प्लॅन पक्का करायच्या आधी दोन टोकांना दोन खड्डे घे. एका टोकाला चार फुटांवर मुरूम आणि दुसऱ्या टोकाला काळी माती असं चढावर बऱ्याचदा निघतं. मग टोकाच्या जोडीचा पाया आणि जोतं वेगळं करावं लागतं, आणि सहा घरांचे भाव एकसारखे ठेवायचे म्हटलं तर तो खर्च आधीच माहीत पाहिजे.

शेवटचं काम, आणि याला पैसे लागत नाहीत. आर्किटेक्टला फायनल म्हणायच्या आधी प्लॉटवर जा, दोरी आणि फक्की (रेघा मारायची पांढरी पूड) घे, आणि एका घराचा खालचा मजला जमिनीवर खऱ्या मापात काढ. दारं कुठं उघडतात तेही काढ. पुढच्या 22 फुटांत स्वतःची गाडी लाव, तिची दारं उघड, शेजारी दोन दुचाकी उभ्या कर. मग आईला घेऊन जा. वडिलांना नाही, ते रस्त्याकडं तोंड करून एलिव्हेशनबद्दल, म्हणजे घराच्या दर्शनी रूपाबद्दल, बोलत बसतील. आईला फक्कीच्या स्वयंपाकघरात उभी कर, 'फ्रिज कुठं ठेवशील, भांडी कुठं घासशील, पाहुणे आले की पाणी कुठून आणशील' एवढंच विचार, आणि ती हातानं जिकडं दाखवेल तिकडं खूण कर. त्या खुणा झालेला कागद मला पाठव, मग कॉलमच्या जागा बसून बघू.